तांडेलाची टाच

काशिराम गाडीत बसायचा तो चपला हातात घेऊन, अनवाणी. कीर्ती हसायची. म्हणायची, "काका, गाडी आहे ही, देऊळ नाही." तो नुसती मान हलवायचा. ऐन उमेदीची सोळा वर्षं तो मासेमारीच्या बोटीवर इंजिनापाशी अनवाणी बसला होता. इंजिनाच्या मनात काय आहे ते आधी त्याच्या तळपायाला कळायचं, मग कानाला. मध्ये चप्पल आली की माणूस बहिरा होतो, असं त्याचं म्हणणं.

कीर्ती ही त्याच्या थोरल्या भावाची, दादूची मुलगी. दादू समुद्रात गेला तेव्हा ती चार महिन्यांची होती. काशिरामला स्वतःचं पोरबाळ नव्हतं. उरणच्या किनाऱ्यावरचं घर सोडून तो सोनावहिनीला आणि त्या तान्ह्या पोरीला घेऊन पनवेलला आला. बंदरावर ओझी उचलली, गोदामांवर पहारे केले आणि पोरीला शिकवलं. आता ती तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. आठ महिन्यांपूर्वी तिनं स्वतःच्या पगारावर ही पांढरी गाडी घेतली, तेव्हा काशिराम बिल्डिंगच्या वॉचमनपासून नाक्यावरच्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला होता, "बत्तीस वर्सांनी आमच्या घरात इंजिन आलं."

पण त्या नव्याकोऱ्या गाडीत काहीतरी होतं.

गावात फिरताना काही नाही. पनवेलच्या गर्दीत वेग चाळिसाच्या वर जातो कुठला? पण मोकळा रस्ता लागला, कीर्तीनं पाय दाबला आणि काटा साठाच्या पुढे गेला, की गाडी थरथरायची. सारखी नाही. थोडी थरथरायची, थांबायची, पुन्हा थरथरायची. पाय उचलला की सगळं शांत. काशिराम कधी बाजाराच्या पलीकडे गाडीतून गेला नव्हता, त्यामुळे त्यानं ते फक्त ऐकलं होतं. तीनदा गाडी सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. त्या बुधवारी कीर्तीची सुटी होती. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "काका, आज तुम्ही चला माझ्याबरोबर. आज नाही सापडलं तर मी विकून टाकते. रोज भीत भीत कोण चालवणार?"

विकायची म्हटल्यावर काशिरामनं लगेच सदरा बदलला.

सर्व्हिस सेंटर पळस्प्याच्या अलीकडे. तिथला स्वानंद नावाचा मुलगा, गोड बोलणारा, हातातल्या टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, इंजिनचे माउंट बदलले, अॅक्सल खोलून बघितले. स्कॅनरवर एक एरर येत नाही. परवा मी एकटा खोपोलीपर्यंत घेऊन गेलो होतो. लोण्यासारखी पळाली."

"आणि मी चालवली की?"

"तेच तर कळत नाहीये." स्वानंदनं मान खाजवली. "तुमच्या शेजारी बसलो होतो तेव्हा मलाही जाणवलं, खोटं नाही बोलत. पण नवीन गाडी आहे मॅडम. होईल सेट."

नवीन आहे, होईल सेट. काशिराम बाजूच्या खुर्चीवर बसला होता. ते शब्द कानात पाणी शिरावं तसे त्याच्या आत शिरले. हेच शब्द एकदा तो स्वतः बोलला होता. दुसऱ्याच एका नव्या इंजिनाबद्दल, बोटीच्या अंधाऱ्या खणात बसून.

तो उठला. "पोरा, एक लांबसा पाना दे बघू."

"कशाला आजोबा?"

"ऐकायला."

दोन-चार मेकॅनिक हात पुसत जवळ आले. गंमत बघायला म्हातारा मिळाला होता. एकानं बॉनेट उघडलं, एकानं इंजिन चालू केलं. काशिरामनं पान्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं आपल्या कानामागच्या हाडावर. डोळे मिटले. बत्तीस वर्षांत त्यानं कुठल्या इंजिनाला हात लावला नव्हता. पाना एकेका जागी नेत, घाई न करता, तो ऐकत राहिला. पोरांचं हसू हळूहळू बंद झालं.

"इंजिनाचा दोष नाय," शेवटी तो म्हणाला. "निर्मळ हाय. ज्यानं बांधलं त्याच्या हाताला नमस्कार."

"मग आजोबा, थरथर येते कुठून?"

"तुमी सगळे खालीच बघताय," काशिराम म्हणाला, आणि हे आपण का बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

स्वानंदनं तो पाना त्याला तसाच देऊन टाकला. "ठेवा आजोबा, जुनाच आहे. आणि खरं सांगू, तुमच्यासारखं ऐकणारा आमच्याकडे एकही नाही." काशिरामनं पाना मांडीवर आडवा ठेवला आणि ताठ बसला. कीर्तीनं तिरक्या नजरेनं पाहिलं. म्हातारा आतून फुलला होता.

"आता कुठं नेऊ?" तिनं विचारलं.

"उरणच्या अंगाला. मोकळ्या रस्त्याला. मला तो कंप बघू दे."

दुपारचे चार वाजले असतील. ऊन होतं, पण धुरकट, मळक्या काचेतून यावं तसं. कंटेनरच्या गाड्या एकामागून एक चाललेल्या. उजवीकडे खाडीची दलदल आणि तिवरांची काळपट झाडं. गाडीच्या काचा बंद, एसी चालू. काशिरामनं दोन्ही तळपाय खाली टेकवले, पानाही पायाशी ठेवला.

पहिल्यांदा आला तो वास.

डिझेलचा. भिजून कुजलेल्या दोरखंडाचा. आणि त्याच्याखाली लपलेला, बर्फात दोन दिवस पडलेल्या मासळीचा.

"काका, आपण मासे घेतले होते का गाडीतून कधी?" कीर्तीनं नाक मुरडलं.

"नाय गो बाय."

"मग वास कसला..."

"पाय दाब."

काटा पन्नासवर गेला. पंचावन्न. साठ. एक ट्रेलर मागे पडला, समोर रस्ता मोकळा झाला, आणि कंप आला. काशिरामनं श्वास रोखला. तळपायाला काही नव्हतं. चाकांतून काही येत नव्हतं, इंजिनातून नाही. त्यानं दारावर पंजा ठेवला. दार नुसतं लहरत होतं, दुसऱ्याचं ऐकून. सीटही तशीच. मग त्यानं हळूच हात वर केला आणि छताच्या आतल्या कापडावर तळवा टेकवला.

धप्. धप्. धप्.

थांबला.

धप्. धप्. धप्.

त्यानं हात काढला नाही. छतावर, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, कोणीतरी उभं होतं आणि उजव्या पायाची टाच आपटत होतं. उजव्याच पायाची. डाव्या पायाचा अंगठा तुटलेला दादू त्याच पायावर भार देऊन जसा उजवा आपटायचा, तशी.

"काका? कळलं का काही?"

"चालव... चालवत राहा."

त्यांच्या बोटीचं नाव मावली. दादू तिचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा धनी. तो वर केबिनच्या टपावर उभा राहायचा आणि काशिराम त्याच्या पायाखाली, फळ्यांच्या खाली, इंजिनाच्या खणात. त्या आवाजात माणसाची हाक काय ऐकू येणार? म्हणून त्यांच्या बापानं टाचेच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. दोन टाचा, इंजिन वाढव. तीन टाचा, कमी कर. टाच घासली आणि मग आपटली तर वर ये. जितकी माणसं वर हवीत तितक्या टाचा. आणि खालच्यानं प्रत्येक हुकमाला पान्यानं वरच्या फळीवर दोन ठोके द्यायचे. टक्, टक्. म्हणजे ऐकलं. ते दोन ठोके पडल्याशिवाय हुकूम हा हुकूमच नाही आणि तांडेल दुसरा हुकूम देणार नाही. आख्ख्या किनाऱ्यावर मावलीसारखी शिस्त कुणाची नव्हती. दुसऱ्या बोटींवर नुसती आरडाओरड. मावली मुकी यायची आणि मुकी जायची, आणि लोक धक्क्यावर उभे राहून बघायचे.

"कीर्ती," काशिराम म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता. "तुझ्या बापाला इंजिनानं नाय मारला."

काटा साठाच्या वरच राहिला.

"धुकं होतं. इंजिन नवंकोरं, आठ दिवस झालेले बसवून. मला त्याचा लई माज. सगळा वेग सोडलेला. आणि ते कापाया लागलं. कापायचं, थांबायचं... कापायचं, थांबायचं. मला वाटलं, नवीन हाय, होईल सेट. मी पाना घेऊन नटबोल्ट आवळत बसलो. आणि तो वर टाच मारीत होता. कमी कर, कमी कर... मी जबाबच दिला नाय."

छतावर धप्, धप्, धप्.

"मग?"

"धुक्यात अर्धा बुडालेला मालाचा बार्ज होता. आपटलो. आमी खाली होतो ते वाचलो. तो टपावर होता, तो पुढं फेकला गेला. गावाला मी सांगितलं, इंजिन ऐकलं नाय. तुझ्या आयलासुद्धा."

एक कंटेनर भोंगा वाजवत बाजूनं गेला. कीर्तीचे डोळे रस्त्यावर होते. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बत्तीस वर्षं?" तिनं विचारलं.

"बत्तीस."

"आणि ते अजून तोच हुकूम देतायत?"

"जबाब मिळाल्याशिवाय दुसरा देता येत नाय. आमच्या बोटीचा नेम हाय तो." हे सांगताना एवढ्या भीतीतही काशिरामचा आवाज ताठ झाला. "दुसरा कोण असता तर कंटाळून निघून गेला असता. तुझा बाप तांडेल हाय. जागा सोडली नाय त्यानं."

कीर्तीनं स्टिअरिंगवरची पकड बदलली. "काका, मग आता तरी द्या जबाब."

आणि तिनं पाय उचलला नाही. उलट थोडा आणखी दाबला. पोर कोणाची आहे ते काशिरामला त्या एका गोष्टीत दिसलं. त्यानं वाकून पायाशी ठेवलेला पाना उचलला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही. पान्याच्या टोकानं, छत फाटू नये इतक्या बेतानं, पण कोळ्याच्या हातानं, त्यानं वर दोन ठोके दिले.

टक्. टक्.

कीर्तीनं पाय उचलला, हुकमाप्रमाणे. गाडी मंदावली. मग तिनं पुन्हा वेग घेतला. साठ. सत्तर. ऐंशी.

काही नाही. गाडी भरतीच्या पाण्यावर होडी सुटावी तशी सरसर निघाली. कुठं कंप नाही, कुठं थरथर नाही. कीर्ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. काशिराम छाती भरून श्वास घेत होता. त्याला वाटलं, आता वहिनीला सांगायचं. आजच सांगायचं. आणि सांगायचं की तुझा नवरा असा होता, बत्तीस वर्षं एका हुकमावर उभा राहणारा.

तेवढ्यात वर काहीतरी घासलं.

लांब, सावकाश. टाच फळीवरून ओढावी तसं.

कीर्तीनं गाणं लावायला पुढे केलेला हात, खड्याच्या अंगठीचा, तिथंच थांबला. "काका..."

"गप."

धप्.

एक टाच. एक माणूस वर ये. काशिरामच्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर त्या काट्यात सुख होतं. अडुसष्टावं वर्ष चालू होतं. तांडेल बोलावतोय. चूक माफ झाली, पाळी संपली, वर ये. त्याच्यासारख्याला यापेक्षा मोठा मान काय असणार? त्यानं पाना उचलला. येतो दादा, म्हणायला तोंड उघडलं.

आणि वर, आता थोडं उजवीकडे सरकून, चालवणाऱ्याच्या डोक्यावर, दुसरी टाच पडली.

धप्.

पाना हवेतच राहिला. काशिरामनं पुढच्या टाचेची वाट पाहिली. तिसरी आली नाही. घासणं, एक, दोन. मग गप्प. पुन्हा घासणं. एक. दोन.

त्यानं पाना खाली आणला, दोन्ही मांड्यांमध्ये दाबून धरला आणि दोन्ही मुठी आवळल्या.

"काय म्हणतायत?" कीर्तीनं विचारलं.

एकदा गप्प बसून काय होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यानं सांगितलं. "वर बोलावतोय."

"तुम्हाला?"

"दोघांना."

खाडीवरचा वारा काचेवर घासत होता. कीर्तीनं मान किंचित वर केली, छताकडे पाहिलं. बापाचा एक फोटो होता घरात, पाण्यानं खराब झालेला, चेहरा गेलेला. तेवढंच तिचं बापाचं दर्शन.

"काका," ती हळूच म्हणाली, "ते मला ओळखत असतील?"

"पाय उचल, बाय. गाडी हळू घे."

तिनं उचलला. वरचं सगळं थांबलं. घरी येईपर्यंत चाळिसाच्या वर काटा गेला नाही.

त्या रात्री काशिरामनं सोनाबाईला सगळं सांगितलं. ती म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "भावजी, माझा नवरा इंजिनाच्या हातून नाय गेला, आपल्या जागी उभा राहून गेला, एवढं आधी सांगितलं असतं तर बत्तीस वर्सं मी मान वर करून फिरले असते." आणि उठून तिनं त्या फोटोला हार घातला. टाचेचं, बोलावण्याचं तिला दोघांनी सांगितलं नाही.

गाडी विकायची गोष्ट दुसऱ्या दिवशी काशिरामनंच काढली. कीर्ती म्हणाली, "इंजिन निर्मळ आहे म्हणालात ना? मग कशाला?" आणि चहाचा कप घेऊन आत निघून गेली.

तेव्हापासून काशिराम रोज तिच्याबरोबर तळोज्याला जातो. सकाळच्या पाळीला जातो, दिवसभर कारखान्याच्या फाटकाबाहेर चहावाल्याकडे बसतो, संध्याकाळी परत येतो. लोक विचारतात, म्हातारपणी ही हौस काय? तो म्हणतो, "आमची पोर गाडी चालवते, बघायला नको?" म्हणतो ते खोटं नाही. ट्रेलरच्या रांगांमधून ती अशी गाडी काढते की दादूनं मावली काढावी. काशिराम शेजारी ताठ बसलेला असतो, अनवाणी, मुठी आवळून. तळोज्याच्या मोकळ्या रस्त्याला वेग वाढतो आणि वर टाच घासते. एक. दोन. तो जबाब देत नाही. कीर्तीही देत नाही. जबाब नाही तर हुकूम नाही, आणि मावलीचा तांडेल नेम मोडणारा नव्हे, यावर काशिरामचा पुरा भरवसा आहे. त्या भरवशावर तो रात्री झोपतो.

मध्ये स्वानंदचा फोन आला होता. "मॅडम, तो व्हायब्रेशनचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला का? फीडबॅक द्यायचा आहे."

"कळलं कशाचा होता ते," कीर्ती म्हणाली. "आता सवय झाली."

गेल्या आठवड्यात काशिरामला ताप आला. दोन दिवस तो जाऊ शकला नाही. कीर्ती एकटी गेली, एकटी आली, वेळेवर आली. "हळूच चालवली काका, काळजी करू नका," म्हणाली. तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर तो फडकं घेऊन गाडी पुसायला खाली उतरला. बाहेरून पुसली, मग आतून. छताचं कापड पुसताना त्याच्या जागेवर दोन खळगे हाताला लागले, पान्याच्या टोकाचे, शेजारीशेजारी. त्या दिवशीचा त्याचा जबाब. त्यावरून त्यानं मायेनं बोट फिरवलं.

मग फडकं उजवीकडे नेलं. चालवणाऱ्याच्या डोक्यावर.

तिथं कापडात एक लहानसा खळगा होता. ताजा. पान्याचा नव्हे. बाईमाणसाच्या अंगठीच्या खड्याएवढा.

काशिराम वाकून किती तरी वेळ शेजारची जागा बोटांनी चाचपत राहिला.

एकच होता.